गार्डाच्या डब्यातून इंग्रजी कविता

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवार पुरवणीत मध्यंतरी आधुनिक इंग्रजी कवितेवर पानभर लेख आला होता. हा विषय मराठी वर्तमानपत्रात सहसा कुणी घेत नाही, म्हणून आधी आभार मानतो. आता तक्रार. लेखात प्रतिमावाद होता, अतिवास्तववाद होता, दोन्ही महायुद्धं होती, कवी एलियटचं बिनसलेलं लग्न होतं, कवी ऑडेन अमेरिकेला का गेला याची चर्चा होती. कविता तेवढी नव्हती. एखाद्या कवितेत काय घडतं, कोण बोलतं, कुठं बोलतं, याला एक ओळसुद्धा मिळाली नाही. शेवटी निष्कर्ष काय, तर ही कविता टीपांच्या आधाराशिवाय सर्वसामान्य वाचकाला कळणं अवघड.

तो सर्वसामान्य वाचक म्हणजे मीच असणार. जुनी अकरावी झालो आणि मध्य रेल्वेत लागलो, गार्ड म्हणून निवृत्त झालो. नोकरीतली बरीच वर्षं दौंड-मनमाड सेक्शनला गेली. (२०२२ पासून गार्डाला ‘ट्रेन मॅनेजर’ म्हणतात. मी त्याआधीच सुटलो, त्यामुळे गार्डच राहिलो.) माझी नात पुण्यात इंग्रजी घेऊन बी.ए. करते. सुट्टीला आली की पुस्तकं घेऊन येते आणि मोठ्यानं वाचते, कारण मोठ्यानं वाचल्याशिवाय म्हणे तिच्या डोक्यात शिरत नाही. मी ऐकत बसतो. शब्द अडला तर डिक्शनरी तिची, गाडी अडली तर मी. आणि या कवितांमध्ये गाड्या बऱ्याच आहेत.

विल्फ्रेड ओवेनची ‘द सेंड-ऑफ’ घ्या. वीस ओळींची कविता, १९१८ साली, पहिल्या महायुद्धात, इंग्लंडातल्या रिपनच्या लष्करी छावणीत असताना लिहिलेली. आघाडीवर निघालेली पोरं अंधारून आलेल्या गल्ल्यांतून गात येतात, गाडीत बसतात, गाडी सुटते. एवढंच. नातीच्या गाइडात खाली ‘युद्धाची निरर्थकता’ आणि ‘उपरोध’ हे जाड ठशात छापलेलं. परीक्षेला तेवढं पुरतं. पण तिनं मला विचारलं ते वेगळंच : “आजोबा, दिवा गार्डला डोळा कशाला मारेल?”

कारण कवितेत तसं आहे. सिग्नल निर्विकारपणे मान हलवतात आणि एक दिवा गार्डकडे बघून डोळा मिचकावतो.

ज्यांनी फक्त रंगीत दिव्यांचे सिग्नल बघितलेत त्यांना हे दिसणार नाही, म्हणून तिला सांगितलं ते इथंही सांगतो. जुना सिग्नल म्हणजे उंच खांब आणि त्याला एक लाल पाटी. पाटी आडवी असेल तर थांबायचं. केबिनमधून लिव्हर ओढला की तार ताणली जाते आणि पाटी खाली झुकते, म्हणजे निघायचं. ‘सिग्नल पडला’ असं आम्ही म्हणायचो. लांबून बघताना कुणीतरी मान खाली घालून होकार दिला असंच वाटायचं. रात्री पाटी दिसत नाही, म्हणून तिच्या खांबाकडच्या टोकाला दोन काचा बसवलेल्या असतात, एक लाल, एक हिरवी. पाटी झुकली की दिव्यासमोरची लाल काच सरकते आणि हिरवी येते. मधे क्षणभर उजेड तुटतो. डोळा मिचकावणं म्हणजे ते. ओवेननं वरून अलंकार चढवलेला नाही, डोळ्यांनी पाहिलं ते मांडलं आहे.

आता गाडी सुटते कशी ते बघा. स्टार्टर, म्हणजे स्टेशनातून सुटायचा सिग्नल, पडला, स्टेशन मास्तरची परवानगी झाली, की गार्डानं हिरवी बत्ती दाखवायची, ड्रायव्हरनं शिट्टी द्यायची, आणि मग चाक हलायचं. इतक्या माणसांचे हात लागतात. ओवेनच्या कवितेत मात्र यातलं एकही माणूस काही करताना दिसत नाही. हमाल मख्खासारखे बघत उभे आहेत, एक भटक्या उभा आहे. जे काय करायचं ते खांब आणि दिवे करतात. पोरांना मरायला धाडण्याचा निर्णय जणू कुणाचाच नाही. यंत्रणेनं आपसात खुणा केल्या आणि गाडी गेली. त्या खुणेत गार्ड तेवढा सामील आहे. ही ओळ ऐकून मला बरं वाटलं नाही, हे कबूल करतो.

नगरला लष्कराचं रणगाडा दलाचं केंद्र आहे, त्यामुळे आमच्या सेक्शनला मिलिटरी स्पेशल नवीन नव्हत्या. अशी गाडी शेवटी कुठं जाणार हे गार्डाला ठाऊक नसतं. आपली ड्यूटी जिथं संपते त्या स्टेशनापर्यंतचं काय ते कागदावर असतं. जवान पोरं पाणी भरायला उतरतात, “गार्डसाब, कितना रुकेगी?” म्हणून विचारतात, हसतात, आपण त्यांना हिरवी बत्ती दाखवतो. पुढं त्यांचं काय झालं ते कधी कळत नाही. ओवेनच्या कवितेतले लोक नेमकं हेच म्हणतात : ते आमच्यातले नव्हते, कुठल्या आघाडीवर गेले ते आमच्या कानावर आलं नाही.

आणखी एक बारीक गोष्ट आहे, ती गाइडात नाही आणि आपल्या लेखातही नव्हती. ही गाडी प्रवाशांच्या फलाटावरून सुटत नाही. पोरं गात गात जातात ती सायडिंगच्या शेडकडे. सायडिंगला, म्हणजे बाजूच्या रुळावर, आम्ही वाघिणी (मालाचे डबे) लावायचो, तिथं माल भरला जायचा. ओवेन त्यावर बोट ठेवून काही सांगत बसत नाही, शब्द टाकून पुढं जातो. आपल्या लेखात ओवेनला एकच वाक्य होतं, तो युद्धात मारला गेला हे. खरंच आहे ते, ४ नोव्हेंबर १९१८ ला, युद्ध थांबायला एक आठवडा उरला असताना, वय २५. पण मारले गेलेले पुष्कळ होते. सायडिंग बघणारा हा होता.

एडवर्ड थॉमसचं नाव तर लेखात आलंच नाही. त्याची ‘अ‍ॅडलस्ट्रॉप’ ही सोळा ओळींची कविता इंग्लंडात शाळकरी पोरांनाही माहीत असते. २४ जून १९१४ ला तो आणि त्याची बायको लंडनहून गाडीनं निघाले होते. अ‍ॅडलस्ट्रॉप या खेड्याच्या स्टेशनात एक्स्प्रेस अवचित उभी राहिली. वाफेचा फुसकारा झाला. कुणीतरी घसा खाकरला. मोकळ्या फलाटावर कुणी उतरलं नाही, कुणी चढलं नाही. नावाची पाटी दिसली, विलोची झाडं, गवत, वाळलेल्या गवताच्या गंजी दिसल्या. मग जवळच एक ब्लॅकबर्ड (आपल्या कस्तुराचा भाऊबंद) गायला लागला आणि त्याच्यामागून लांबलांबचे, धूसर होत गेलेले, दोन परगण्यांतले सगळे पक्षी.

या कवितेवर ‘निसर्गप्रेम’ असा शिक्का मारून लोक मोकळे होतात. मला तिच्यातला आवाजांचा क्रम दिसतो. धावत्या गाडीत बाहेरचा पक्षी ऐकू येत नाही. त्यासाठी गाडी थांबावी लागते, आणि थांबल्यावरही आधी इंजिन वाफ सोडतं, त्यात सगळं बुडून जातं. ती थांबली की डब्यातलं खाकरणं ऐकू येतं, एरवी ते कुणाच्या लक्षातही आलं नसतं. त्यानंतर शांतता. मग खिडकीपासला पक्षी, मग त्याच्या पलीकडचे. कान हळूहळू लांब जातो. आमचा सेक्शन तेव्हा एकेरी लाइनचा होता, त्यामुळे समोरून येणाऱ्या गाडीसाठी कान्हेगाव, चितळी, विसापूर असल्या स्टेशनांत लूपला, म्हणजे बाजूच्या लाइनवर, उभं राहणं नेहमीचंच असायचं. मालगाडी असली तर गार्डाचा डबा स्टेशनाच्याही बाहेर, थेट ज्वारीच्या शेताला लागून. इंजिन अर्धा किलोमीटर पुढं. तिथं बसून थॉमसचा हा क्रम मी पुष्कळदा ऐकलेला आहे. फक्त पक्षी वेगळे, आणि कधी एखाद्या विहिरीवरचं डिझेल पंपाचं इंजिन.

थॉमसची त्या दिवसांतली टिपणवही राहिली आहे. वहीत वेळ आहे, १२.४५. सिग्नलसाठी थांबल्याची नोंद आहे. जानेवारी १९१५ मध्ये त्यानं कविता लिहिली, तेव्हा वेळ गेली, सिग्नल गेला, गाडी का थांबली ते गेलं. गार्डाच्या रोजच्या नोंदीत नेमकं तेच भरावं लागतं : किती वाजता उभी राहिली, किती मिनिटं, कारण काय. माझ्या वहीत जायला हवं होतं ते सगळं त्यानं काढून टाकलं, आणि जे लिहायला माझ्या वहीत रकानाच नव्हता ते ठेवलं. कविता म्हणजे काय, असं मला कुणी विचारलं तर मी हे दोन कागद शेजारी ठेवीन. बाकी व्याख्या प्राध्यापकांनी कराव्यात.

ती गाडी थांबली तेव्हा ब्रिटन युद्धात उतरायला जेमतेम सहा आठवडे होते. कवितेत युद्धाचा उल्लेख नाही. थॉमस ९ एप्रिल १९१७ ला अरासच्या लढाईत गेला. स्टेशन १९६६ मध्ये बंद झालं. पाटी आता गावातल्या बस थांब्यावर लावलेली आहे.

वर्तमानपत्रवाल्यांनी या माणसाची आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. वयाच्या ३६ व्या वर्षापर्यंत थॉमस कवी नव्हताच. पोटासाठी वर्तमानपत्रांत पुस्तकांची परीक्षणं लिहायचा, ढिगानं लिहायचा. १९१४ मध्ये रॉबर्ट फ्रॉस्ट या तेव्हा फारशा कुणाला माहीत नसलेल्या अमेरिकन माणसाचं ‘नॉर्थ ऑफ बॉस्टन’ लंडनमध्ये निघालं. ‘डेली न्यूज’मध्ये थॉमसनं लिहिलं की हे या काळातलं अत्यंत क्रांतिकारक पुस्तक आहे, मात्र आरडाओरडा न करणारं. कवितेत असायलाच हवी असं लोकांना वाटतं ती सजावट इथं नाही, बोलण्यातले साधे शब्द आहेत, आणि तरीही ही कविता आहे, हे त्यानं वाचकाला दाखवलं. अ‍ॅडलस्ट्रॉपला थांबलेल्या त्या गाडीनं तो निघाला होता तो या फ्रॉस्टकडेच, आणि कविता लिहायला त्याला भरीस घातलं तेही फ्रॉस्टनं. म्हणजे वर्तमानपत्रातल्या अपुऱ्या जागेत कवितेवर नीट लिहिता येत नाही, ही सबब चालणार नाही. शंभर वर्षांपूर्वी पोटापाण्यासाठी लिहिणाऱ्या माणसाला ते जमलं होतं.

टीपांचं म्हणाल तर एलियटचीच साक्ष काढतो. त्याची ‘द वेस्ट लँड’ ही कविता १९२२ च्या ऑक्टोबरात ‘क्रायटेरियन’ आणि नोव्हेंबरात ‘डायल’ या नियतकालिकांत आली तेव्हा तिला टीपा नव्हत्या. वर्षाच्या शेवटी पुस्तक काढताना मजकूर कमी पडत होता म्हणून टीपा वाढवल्या. पुढं एलियटनं स्वतःच त्यांना खोट्या पांडित्याचं प्रदर्शन म्हटलं. कविता अवघड आहेच. नातीनं वाचली तेव्हा निम्मीअधिक माझ्या डोक्यावरून गेली आणि अजूनही जाते. पण तिच्यात एक टायपिस्ट बाई आहे. संध्याकाळी कामावरून घरी येते, सकाळच्या न्याहारीची भांडी उचलते, स्टोव्ह पेटवते, हवाबंद डब्यांतलं खाणं काढून ठेवते, खिडकीबाहेर तिचे कपडे वाळत पडलेले. ही बाई कळायला कुठली टीप लागते? आपल्या लेखकानं तिची ओळख करून दिली असती तर चार वाचक पुढची पानं उलटायला धजावले असते.

मर्ढेकरांचंही तसंच. ‘एलियटचा प्रभाव’ एवढं लिहून लेख पुढं गेला. ‘सकाळी उठोनी । चहा-कॉफी घ्यावी । तशीच गाठावी । वीज-गाडी’ हे कळायला एलियट कशाला हवा? मुंबईत विजेवरची गाडी १९२५ ला सुरू झाली, मर्ढेकरांच्या वेळेपर्यंत ती लाखोंच्या अंगवळणी पडली होती. प्रभाव असेलही, पण ती गाडी मुंबईची आहे आणि ठेका अभंगाचा आहे. आधी ते सांगा.

गाड्यांच्या कवितांमध्ये मला सगळ्यात आवडलेली फिलिप लार्किनची ‘द व्हिट्सन वेडिंग्ज’. (व्हिट्सन हा ख्रिस्ती सण.) लार्किन हल या बंदराच्या गावातल्या विद्यापीठात ग्रंथपाल होता. १९६४ च्या पुस्तकात ही कविता आहे. शनिवारी दुपारी एक वीसच्या सुमाराला त्याची लंडनची गाडी सुटते. उकाडा, खिडक्या उघड्या, डबे बरेचसे रिकामे. प्रत्येक स्टेशनवर गलका ऐकू येतो. टपालाच्या थैल्या चढवताना हमालांची दंगामस्ती चालली असेल असं समजून हा आपला वाचत बसतो. पुढं लक्षात येतं की लग्नाची माणसं आहेत, नवी जोडपी गाडीत बसवून द्यायला आलेली. कपाळावर आठ्या असलेले बाप, जाड्या आया, अचकटविचकट ओरडणारा एक काका, नकली दागिने घातलेल्या पोरी. आपल्याकडं अख्खं वऱ्हाड गाडीत घुसतं आणि एकजण खाली राहिला म्हणून साखळी ओढतं. तिथं नवराबायको तेवढी चढतात आणि बाकीचे फलाटावर उरतात. गाडी निघाल्यावर फलाटावर उरलेली ही माणसं सगळ्यात शेवटी गार्डाला दिसतात, कारण त्याचा डबा शेवटचा. हात खाली आलेले असतात, चेहऱ्यावरचं हसू उतरलेलं असतं. लार्किननं ते चेहरे बरोबर टिपलेत, तेही प्रवाशाच्या डब्यातून. याचं मला नवल वाटतं.

कवितेच्या शेवटी लंडन येतं, ब्रेक आवळतात, आणि खाली पडत गेल्याची एक भावना दाटून येते; बाणांचा वर्षाव नजरेआड जाऊन कुठंतरी पाऊस होतो तशी. गाइडात बाण आहेत, पाऊस आहे, प्रजननाचं प्रतीक आहे. ब्रेक नाहीत. ब्रेक पकडले की गाडी मागं ओढते, अंग पुढं जातं, पोटात खड्डा पडतो. रोज गाडीत बसणाऱ्यालाही तो क्षणभर जाणवतो. आधी तो खड्डा आहे, बाण त्याच्यातून सुटलेत. पहिली पायरी गाळून दुसरीवर उडी मारली की कविता अवघड वाटणारच.

ऑडेनची ‘नाइट मेल’ मी मुद्दाम बाजूला ठेवली आहे. १९३६ च्या टपाल खात्याच्या माहितीपटासाठी लिहिलेली, चाकांच्या ठेक्यावर चालणारी. ऐकायला झकास. पण तिच्यात टपाल दिसतं, गाडीवर काम करणारा माणूस मला दिसला नाही.

नात म्हणते, “आजोबा, तुम्ही सगळ्या कविता रेल्वेच्या करून टाकता.” तिचं म्हणणं खोटं नाही. पण मग रेल्वेच्या मी करतो, दवाखान्याच्या नर्सनं कराव्यात, गवताच्या आणि गुरांच्या शेतकऱ्यानं कराव्यात. थॉमस हार्डीच्या एका कवितेत रात्री थर्ड क्लासमधून एकटा चाललेला मुलगा आहे. टोपीच्या पट्टीत तिकीट खोचलेलं, गळ्यात दोरीला पेटीची किल्ली. आमच्याकडं एकट्या पाठवलेल्या पोराचं तिकीट खिशाला पिनेनं टाचलेलं असायचं आणि आई गार्डाला सांगून जायची, ‘एवढं लक्ष ठेवा हो.’ तिकीट असं लावलेलं असलं की समजायचं, मागं कुणीतरी काळजीचं आहे. हार्डीला मात्र प्रश्न पडतो की हा कुठून आला आणि कुठं चाललाय हे त्याला तरी ठाऊक आहे का. माझं उत्तर वेगळं पडतं. टोपीत तिकीट खोचणारा हात मला दिसतो, हार्डीनं तो कवितेबाहेर ठेवला आहे. इतक्या मोठ्या कवीशी असा वाद घालता येतो, हेच मला या वाचनातलं सुख वाटतं.

तेव्हा विनंती अशी. पुढच्या वेळी आधुनिक इंग्रजी कवितेवर पान द्याल तेव्हा एकच कविता घ्या. ती आधी सरळ मराठीत सांगू द्या, काय दिसतं, काय ऐकू येतं, कोण काय करतं. मग वाद आणि कवीचं चरित्र येऊ द्या, जागा उरली तर. आणि लिहायला दर वेळी प्राध्यापकच हवेत असं नाही.

सुरुवातीला एक कविता सुचवतो. ‘वेस्ट लँड’ आली त्याच १९२२ साली ऐंशी ओलांडलेल्या हार्डीच्या संग्रहात निघालेली, ‘अ‍ॅट द रेल्वे स्टेशन, अपवे’. फलाटावर बेड्या घातलेला कैदी आणि त्याला घेऊन निघालेला पोलीस शिपाई गाडीची वाट बघताहेत. व्हायोलिन घेतलेला एक लहान मुलगा म्हणतो, माझ्याकडं पैसे नाहीत, पण मी तुम्हाला वाजवून दाखवू शकतो. तो वाजवतो. कैदी एकदम गायला लागतो, आणि गातो काय, तर हे मोकळं आयुष्यच आपल्याला मानवतं. शिपाई हसतो, ऐकलंच नाही असं दाखवतो, गाडी येईपर्यंत गाणं चालू देतो. या शिपायाबद्दल मला लिहिता येणार नाही. कैदी पोचवायची ड्यूटी केलेला एखादा निवृत्त हवालदार गाठा. त्या शिपायानं गाणं का थांबवलं नाही, आणि साहेबांना कळलं असतं तर काय झालं असतं, हे तो सांगेल.

आपला नियमित वाचक,
निवृत्त गार्ड, मध्य रेल्वे
दौंड, जि. पुणे